भोग कोणाचे, दायित्व कोणाचे? : नीळकंठशास्त्री गोऱ्यांचा प्रश्न आणि आपला जिल्हा

'ज्याचे भोग त्याला' हा उद्गार आदिलाबाद जिल्ह्यातील जुन्या मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या ऐकू येत आला आहे. सालगड्याचे मूल तापात दगावले, कुळाचा बैल ऐन पेरणीत गेला, शेजारची लेक अकाली विधवा झाली, की ओसरीवर कोणीतरी सुस्कारा टाकून हे शब्द उच्चारीत असे. उच्चारणाऱ्याच्या मनात निर्दयता नसे. बहुधा अनुकंपाच असे. तथापि या तीन शब्दांत एक सबंध तत्त्वज्ञान दडलेले आहे. माणसाला जे सोसावे लागते ते त्याच्याच कोणत्या तरी कृत्याचे फळ होय, ते कृत्य या जन्मीचे नसेल तर मागल्या जन्मीचे असणार, आणि म्हणून त्या दुःखाविषयी भोवतालच्या माणसांकडे जाब मागण्याचे कारण नाही, असे ते तत्त्वज्ञान सांगते.

एकोणिसाव्या शतकात काही मराठी माणसांनी या तत्त्वज्ञानाला उलटतपासणीस उभे केले. त्यांतील बरेचसे पुढे ख्रिस्ती झाले. आपल्याकडील वाङ्मयेतिहासात त्यांची नोंद 'धर्मांतरित' या एका शब्दाखाली आटोपली जाते आणि त्यांच्या विचारातील मुख्य गाठ, म्हणजे मानवी इच्छास्वातंत्र्य आणि नैतिक दायित्व यांचा संबंध, बाजूलाच राहते. प्रस्तुत लेखात आम्ही ती गाठ उकलून पाहू इच्छितो. कोणत्याही धर्माची तरफदारी वा निंदा करणे हा आमचा हेतू नाही. मात्र हा प्रश्न आपल्या जिल्ह्यातील मराठी घराण्यांना इतरांपेक्षा अधिक जवळून विचारला गेला आहे, असे आम्हांस वाटते. त्याचे कारण लेखाच्या ओघात येईलच.

आरंभ नीळकंठशास्त्री गोरे यांच्यापासून करणे उचित, आणि आमच्या वाचकांना त्यांचे चरित्र परके वाटण्याचे कारण नाही. गोरे यांचे घराणे कोकणस्थ; परंतु आपल्या पूर्वजांप्रमाणेच चाकरीच्या निमित्ताने देश सोडून परमुलखात स्थिरावलेले. त्यांचे आजोबा बांद्याच्या नबाबाच्या कारभारात मोठ्या हुद्द्यावर होते. हे नबाब म्हणजे थोरल्या बाजीरावांचे मस्तानीपासूनचे वंशज, हे वाचकांस विदितच आहे. नीळकंठांचा जन्म 1825 साली झाशीनजीकच्या एका खेड्यात झाला आणि ते वाढले काशीत. घरी मराठी, पाठशाळेत संस्कृत, बाजारात हिंदी अशी त्यांची जडणघडण. परमुलखातील मराठी घर आपले आचार किती कसोशीने जपते हे आपणांस सांगावयास नको. गोरे घराणेही त्याला अपवाद नव्हते.

1839 साली जॉन म्यूर या स्कॉटिश संस्कृतज्ञाने 'मतपरीक्षा' नावाचा ग्रंथ संस्कृतात लिहून हिंदू धर्ममतांवर आक्षेप घेतले. त्याला जी संस्कृत उत्तरे आली त्यांत विशीच्या आसपास असलेल्या नीळकंठशास्त्र्यांचे 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हे एक होते. ते 1844–45 च्या सुमाराचे. या ग्रंथात त्यांनी कर्मसिद्धान्ताची बाजू मोठ्या ताकदीने मांडली. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा : एक मूल जन्मांध निपजते, दुसरे सुदृढ, एक राजगृही जन्मते, दुसरे भिकाऱ्याच्या झोपडीत. पूर्वजन्म न मानावा तर ही विषमता ईश्वराने विनाकारण निर्माण केली असे म्हणावे लागते, आणि असा ईश्वर न्यायी ठरत नाही. शिवाय मर्यादित आयुष्यातील मर्यादित पापासाठी अनंत काळचा नरक देणारा देव दयाळू कसा? ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात ईश्वरावरील पक्षपात आणि निर्दयता या दोन आरोपांचे जे निरसन आहे, त्याच परंपरेत हा तरुण पंडित उभा होता. ईश्वर जीवांच्या कर्माकडे पाहूनच फळ देतो, म्हणून दोष त्याजकडे येत नाही, हे त्या परंपरेचे उत्तर.

त्यानंतर चार वर्षांच्या आतच, 1848 साली, याच नीळकंठशास्त्र्यांनी जौनपूर येथे बाप्तिस्मा घेतला आणि ते नेहेम्या गोरे झाले. 1860 साली त्यांचा 'षड्दर्शनदर्पण' हा हिंदी ग्रंथ प्रसिद्ध झाला. फिट्झएडवर्ड हॉल यांनी त्याचे केलेले इंग्रजी भाषांतर 1862 साली कलकत्त्यास निघाले. ज्या सिद्धान्ताची ढाल करून ते म्यूर यांच्याशी लढले, तोच सिद्धान्त आता त्यांनी तपासावयास घेतला. विषमतेचे कारण मागल्या जन्मात, त्या जन्मातील विषमतेचे कारण त्याहून मागल्या जन्मात, अशी अनादी माळ लावून प्रश्न सुटतो की नुसता मागे ढकलला जातो? आणि वेदान्ताविषयी त्यांचा आक्षेप तर याहून मर्मी होता. परमार्थतः एक ब्रह्मच सत्य आणि कर्ता-भोक्ता हा भेद मायिक असेल, तर पाप करणारा कोण आणि त्याचा जाब घेणारा कोण? व्यवहाराच्या पातळीवर पाप मानावे आणि परमार्थाच्या पातळीवर ते नाहीसे व्हावे, या दुहेरी हिशेबाने त्यांच्या मनाचे समाधान होईना. पाप हे शेवटपर्यंत पापच राहिले पाहिजे, तरच पुण्यालाही अर्थ आहे, असा त्यांचा एकूण रोख दिसतो.

येथे हेही सांगणे न्याय्य होईल की गोरे हे विजयी मुद्रेचे वादपटू नव्हते. त्यांचा स्वभाव विलक्षण शंकाशील. दलीपसिंग महाराजांसमवेत ते 1854 साली इंग्लंडास जाऊन आले, 1870 साली त्यांना अँग्लिकन पंथाची पूर्ण पुरोहितदीक्षा मिळाली, पुणे, पंढरपूर, मुंबई अशा ठिकाणी त्यांनी कार्य केले आणि 1895 साली मुंबईत त्यांचा अंत झाला. या सर्व काळात शंकांनी त्यांची पाठ सोडली नाही. तरुणपणी म्यूर यांना विचारलेले प्रश्न त्यांना स्वतःलाही पुरतेपणी सोडून गेले नसावेत, असा आमचा तर्क आहे. दोन्ही बाजूंची वकिली प्रामाणिकपणे केलेल्या माणसाला निकालपत्र लिहिणे सोपे जात नाही.

कारण ख्रिस्ती तत्त्वज्ञानाच्या घरातही या प्रश्नाने काही कमी कलह माजविलेला नाही. उत्तर आफ्रिकेतील संत ऑगस्टीन (354–430) यांनी आरंभीच्या काळात इच्छास्वातंत्र्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहून असे प्रतिपादले की दुष्टाव्याचे मूळ ईश्वरात नाही, जड देहातही नाही. ते माणसाच्या इच्छेने घेतलेल्या आडवळणात आहे. इच्छा स्वतंत्र नसती तर शिक्षाही अन्याय्य ठरली असती आणि स्तुतीही पोकळ. परंतु पुढे पेलाजियस याच्याशी वाद पेटला तेव्हा तेच ऑगस्टीन म्हणू लागले की आदामाच्या पतनानंतर मानवी इच्छा इतकी दुर्बल झाली आहे की देवाच्या कृपेवाचून ती चांगल्याकडे वळूच शकत नाही. मग जो वळला नाही त्याचा दोष किती? सोळाव्या शतकात इरॅस्मस आणि मार्टिन ल्यूथर यांच्यात 1524–25 साली झडलेला वाद हा याच प्रश्नाचा पुढला अध्याय. आपल्याकडे गोव्यात थॉमस स्टीफन्स यांनी 1616 साली छापलेल्या 'ख्रिस्तपुराणा'त आदामाच्या पतनाची कथा मराठी ओवीत आणली, तेव्हा तिच्यासोबत हा प्रश्नही मराठी भाषेत येऊन दाखल झाला.

किंबहुना कर्मसिद्धान्त आणि मूळपापाचा सिद्धान्त यांची तुलना केल्यास एक चमत्कारिक गोष्ट दिसते. कर्मसिद्धान्त म्हणतो, तू भोगतोस ते तुझेच आहे, फक्त तुला आठवत नाही. मूळपापाचा सिद्धान्त म्हणतो, तू भोगतोस ते तुझ्या आदिपुरुषाचे आहे आणि तू त्याचा वारस आहेस. पहिल्यात स्मृतीचा धागा तुटलेला, दुसऱ्यात कर्त्याचा. तर्काच्या दृष्टीने कोणता अधिक अडचणीचा, हे ठरविण्याचा अधिकार आम्ही घेत नाही.

कर्मसिद्धान्त म्हणजे निव्वळ दैववाद, असे मिशनरी लेखकांनी जे सरसकट गृहीत धरले ते मात्र आम्हांस मान्य नाही. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य या विषयाला एक सबंध प्रकरण दिले आहे. कर्माचा ओघ अनादी असला तरी त्यात राहून आत्मोन्नतीचा यत्न करण्यास मनुष्य मोकळा आहे, असे त्यांनी तेथे साधार दाखविले. शास्त्रात स्वातंत्र्याला जागा आहे, यात संशय नाही. आमचा मुद्दा वेगळा आहे. शास्त्रात ही जागा होती, पण ओसरीवर ती राहिली नाही. कर्मसिद्धान्ताचे पहिले अर्धे, म्हणजे 'माझे कर्म मी सुधारू शकतो', हे आपण स्वतःसाठी ठेवले आणि दुसरे अर्धे, म्हणजे 'त्याचे दुःख त्याच्या कर्माचे', हे दुसऱ्याला वाटून टाकले.

नेमक्या या ठिकाणी बाबा पदमनजी यांचे महत्त्व आहे. बेळगावास 1831 साली जन्मलेल्या आणि 1854 साली ख्रिस्ती झालेल्या या लेखकाचे 'यमुनापर्यटन' 1857 साली प्रसिद्ध झाले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून त्याचा उल्लेख सर्वत्र होतो; ती विधवांच्या स्थितीविषयी आहे, हेही सर्वांस ठाऊक असते. पण तिच्यातील तात्त्विक हालचालीकडे लक्ष कमी जाते. यमुना पतीसमवेत गावोगाव हिंडते आणि तिला भेटणाऱ्या विधवांच्या कहाण्यांतून वाचकाच्या मनावर हळूहळू एकच गोष्ट ठसत जाते. या बायकांचे हाल करणारे हात दिसणारे आहेत : न्हाव्याला बोलावणारे, अन्न तोडणारे, दार लावून घेणारे. हात दिसत असता कारण पूर्वजन्मात कशाला शोधावयाचे? तत्त्वज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात ज्याला नैतिक दायित्व म्हणतात ते येथे कथेच्या रूपाने एका माणसाच्या खांद्यावरून काढून दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवलेले आहे.

हीच गोष्ट पंडिता रमाबाईंनी 1887 साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील इंग्रजी ग्रंथात उघड विधानाच्या रूपात मांडली. वैधव्य हे स्त्रीच्या मागल्या जन्मीच्या घोर पातकाचे फळ मानले जाते आणि म्हणून तिला छळणे हे जणू न्यायाचेच काम होऊन बसते, हे त्यांनी दाखवून दिले. महात्मा फुले यांनी दैवाच्या कल्पनेवर जे प्रहार केले त्यांचीही दिशा हीच. फुल्यांचे शिक्षण स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले होते. पण ते ख्रिस्ती झाले नाहीत, यावरून हा विचार कोणा एका धर्माची मिरास नव्हे हे स्पष्ट व्हावे.

रमाबाईंचे उदाहरण आणखी एका कारणासाठी मोलाचे आहे. इंग्लंडमध्ये वाँटेज येथील मठात 1883 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या या वळणात गोरे यांचाही वाटा होता : ज्या ब्राह्मधर्माला आपण हिंदू शास्त्रांचे सार समजत होतो तो वस्तुतः ख्रिस्ती शिकवणुकीतून घेतलेला आहे, हे गोरे यांच्या लेखनावरून आपणास पटले, असे रमाबाईंनी नमूद केले आहे. आपली पंडिता आता आज्ञाधारक झाली, असे मठातील भगिनींना वाटले असल्यास नवल नाही. परंतु 1883 ते 1886 या काळातील त्यांचा पत्रव्यवहार पाहिला म्हणजे निराळेच दृश्य दिसते. पुरुष विद्यार्थ्यांना स्त्रीने शिकवू नये असे हिंदुस्थानातील बिशपांनी सुचविताच रमाबाईंनी त्याला कडाडून हरकत घेतली. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असेही त्यांनी विचारले. त्रैक्याच्या सिद्धान्तासारख्या गहन गोष्टीसुद्धा कोणी सांगितल्या म्हणून स्वीकारण्यास त्या तयार नव्हत्या. एका पुरोहितवर्गाच्या जाचातून मोठ्या कष्टाने सुटून दुसऱ्याच्या अधीन होण्यासाठी आपण आलो नाही, असा त्यांचा पवित्रा होता.

ही भूमिका त्यांची व्यक्तिगत हट्टी वृत्ती म्हणून मठवासीयांना खटकली, पण तिला ख्रिस्ती परंपरेतच आधार होता. तेराव्या शतकात टॉमस अक्विनास यांनी सांगून ठेवले होते की सदसद्विवेकाच्या विरुद्ध वागणे हे पाप होय, तो विवेक चुकीचा असला तरीही. म्हणजे माणूस आपल्या विवेकाला बांधलेला आहे आणि तो विवेक शुद्ध करीत राहण्यासही बांधलेला आहे. रोमन कॅथलिक चर्चने धर्मस्वातंत्र्य हा मनुष्याच्या प्रतिष्ठेतून येणारा हक्क म्हणून औपचारिकरीत्या मान्य केला तो 1965 साली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या जाहीरनाम्यात. वाँटेजच्या त्या मराठी विधवेने तो ऐंशी वर्षे आधी वापरून दाखविला होता.

लक्ष्मीबाई टिळकांचीही येथे आठवण केली पाहिजे. नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई झाल्या नाहीत. पतीमागून जाणे हे त्या काळच्या स्त्रीला स्वाभाविक, किंबहुना धर्मच. तरी त्यांनी पाच वर्षे घेतली. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशी सोडविला आणि 1900 साली स्वतःच्या पायांनी चालत त्या त्या निर्णयापर्यंत आल्या. 'स्मृतिचित्रे' आपण विनोदासाठी वाचतो. त्यातील ही पाच वर्षे इच्छास्वातंत्र्यावरच्या पुष्कळशा जाड ग्रंथांहून अधिक शिकवून जातात.

आता एक अडचणीचा प्रश्न. रमाबाई पंडिता होत्या, गोरे शास्त्री होते. त्यांचे स्वातंत्र्य आपण मान्य करू. पण उपाशी माणसाचे काय? 1896–97 आणि 1900 च्या दुष्काळांत रमाबाईंच्या केडगावी शेकडो अनाथ मुली आल्या. निजामी मुलखात मेदक येथे मेथडिस्ट मिशनचे भव्य मंदिर 1924 साली पुरे झाले, ते दुष्काळी कामावर धान्याच्या मोबदल्यात राबणाऱ्या हातांनी. अशा स्थितीत केलेला धर्मस्वीकार स्वतंत्र म्हणावा काय? हा आक्षेप पोकळ नाही आणि मिशनरींनी तो नेहमी मनावर घेतला असेही नाही.

परंतु त्याची दुसरी बाजू निजामी मुलखातच पुढे आली. आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेस, त्या वेळच्या वरंगळ भागात दोर्नकल आहे. तेथे व्ही. एस. अजरय्या हे 1912 साली अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप झाले. त्यांच्या काळात माला आणि मादिगा समाजांतील लोक गावेच्या गावे ख्रिस्ती झाले. 1930 नंतरच्या दशकात गांधीजींनी या सामुदायिक धर्मांतराला तीव्र विरोध केला. धर्माधर्मांत तुलना करून निवड करण्याची बौद्धिक पात्रता हरिजनांपाशी नाही, अशा आशयाचे त्यांचे 1936 सालचे उद्गार प्रसिद्ध आहेत. अजरय्या यांना नेमके हेच मान्य नव्हते. निवड करण्याची पात्रता नाही असे एखाद्या माणसाविषयी म्हणणे म्हणजे त्याला नीतीच्या जगातूनच वगळणे. बाबासाहेब आंबेडकर अजरय्यांच्या मार्गाने गेले नाहीत, पण 1935 साली येवल्यास त्यांनी धर्मत्यागाची जी घोषणा केली तिच्या मुळाशी निवडीच्या हक्काचाच उच्चार होता. गांधीजींविषयीचा आमचा आदर कमी न होऊ देता आम्ही म्हणू की या एका मुद्द्यावर न्याय अजरय्यांच्या बाजूला होता.

एवढ्या पार्श्वभूमीवर आदिलाबादकडे वळू. येथे ख्रिस्ती समाज लहान आहे. कॅथलिकांच्या चांदा धर्मप्रांतापासून आदिलाबाद धर्मप्रांत स्वतंत्र झाला तो 1999 साली. गंमत अशी की 1956 च्या राज्यपुनर्रचनेत राजुरा आणि किनवट आपल्यापासून तुटून पलीकडे गेले, पैनगंगा-वर्धेच्या दोन तीरांवर दोन राज्ये झाली. चर्चच्या नकाशात मात्र दोन्ही तीर पुढेही कित्येक वर्षे एकत्रच राहिले. परंतु आमचा विषय येथील चर्च हा नाही. गोरे-पदमनजी-रमाबाई यांनी विचारलेला प्रश्न येथे कोणत्या रूपात उभा राहिला, हा आहे.

निजामी अमलात भगेला पद्धत होती. थोडक्या कर्जापोटी गडी सावकाराच्या शेतावर बांधला जाई. तो मेला की कर्ज मुलाकडे येई आणि मुलगा त्याच शेतावर, त्याच औताला लागे. 1936 साली निजाम सरकारने भगेला करारांवर निर्बंध घालणारा कायदा केला, तरी पद्धत लगेच थांबली नाही. सबंध देशात वेठबिगारीचे निर्मूलन करणारा कायदा आला तो 1976 साली. भगेल्याच्या मुलाने कोणता करार केला होता? कोणताही नाही. तरी दायित्व त्याचे. त्याला जेव्हा 'भोग' म्हणून समजाविले गेले, तेव्हा कर्जरोख्यावर मागल्या जन्माची दुसरी सही झाली.

दुसरी गोष्ट जमिनीची. वनांची राखीव हद्द आखली गेली, पट्टे नोंदण्याची पद्धत आली आणि 1929 च्या सुमारास बल्लारशा-काझीपेठ रेल्वे झाल्यावर जिल्ह्याचा पूर्वभाग खुला झाला. या साऱ्यात गोंड आणि कोलाम शेतकऱ्यांच्या हातातून जमिनी गेल्या. कुमरम भीम यांचा लढा आणि 1940 साली जोडेघाट येथे झालेला त्यांचा अंत यामागे हीच कहाणी आहे. त्यानंतर निजाम सरकारने ख्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानवशास्त्रज्ञाकडून पाहणी करविली. त्यांचे अहवाल 1945 साली प्रसिद्ध झाले. लेखणी आणि पट्टा ज्यांना वाचता येत होता त्यांच्याकडे जमीन गेली, हे त्यांतून स्वच्छ दिसते. त्यांत तेलुगू होते, मुसलमान होते आणि मराठी बोलणारेही होते. मार्लवाई येथे 1943 साली गोंडांसाठी जी शाळा निघाली तिची गोंडी पुस्तके देवनागरी लिपीत केली गेली, कारण या भागात मराठीचा वावर होता. ज्या लिपीत खतपत्रे लिहिली गेली तीच लिपी पुढे अक्षरओळखीलाही आली.

यावर आपल्या घरांतून एक उत्तर नेहमी दिले जाते : 'जे झाले ते आजोबा-पणजोबांच्या काळी, त्याचा दोष आम्हांस का?' हे उत्तर उडवून लावण्याजोगे नाही. ख्रिस्ती-यहुदी परंपरेतील यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात हाच प्रश्न येतो आणि तेथे निर्णय मुलाच्या बाजूने लागतो : बापाच्या पापाचा भार मुलावर नाही, ज्याने केले त्याचेच ते. मूळपापाच्या सिद्धान्ताशी हे कसे जुळवावे याने धर्मशास्त्र्यांना पुष्कळ घाम फोडला आहे, पण व्यक्तिगत दायित्वाचा इतका निःसंदिग्ध उच्चार प्राचीन वाङ्मयात क्वचितच सापडेल. पण त्याच बायबलात लूककृत शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायात जक्कय नावाचा जकातदार आहे. त्याला पश्चात्ताप होतो तेव्हा तो रडत बसत नाही. ज्याचे लुबाडले असेल त्याला चौपट परत करतो. पापाची कबुली आणि मालाची परतफेड या तेथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पापाला वारसा नसेल, तरी मालाला असतो.

हा भेद आपल्या धर्मशास्त्राला अपरिचित आहे असे कोणी समजू नये. विज्ञानेश्वरांची 'मिताक्षरा' लिहिली गेली ती कल्याणीस, म्हणजे आपल्याच दख्खनेत. तिच्या आधारे चाललेल्या व्यवहारात बापाचे ऋण फेडणे हा मुलाचा धर्म होता. ज्यांतून सूट होती ती जुगार-मद्यासारख्या अव्यावहारिक कारणांसाठी काढलेल्या कर्जांना. 2005 साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती होऊन हे पुत्रदायित्व संपुष्टात आले. म्हणजे तोवर शतकानुशतके आपण मानीत होतो की बापाने घेतलेले मुलाने द्यावे. सावकाराचे ऋण तेवढे वारशाने येते आणि कुळाचे येत नाही, असे मात्र कोणत्याही स्मृतीत आम्हांस आढळलेले नाही.

अनुसूचित क्षेत्रातील जमिनींच्या हस्तांतरणाविषयी आंध्र प्रदेश सरकारने 1959 साली केलेला विनियम 1963 साली तेलंगणास लागू झाला आणि 1970 च्या दुरुस्तीने तो अधिक कडक झाला. या क्षेत्रात बिगर-आदिवासीच्या ताब्यातील जमीन मुळात आदिवासीकडूनच आली असे कायदा गृहीत धरतो. तसे नसेल तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी ताबेदाराची. 1988 साली सर्वोच्च न्यायालयाने हा विनियम वैध ठरविला. याविषयी आपल्या घराण्यांत कटुता आहे, आणि ज्यांनी मोल देऊन, घाम गाळून रान मोडले त्यांची कटुता आम्ही जाणतो. पण तात्त्विक दृष्टीने या कलमात जे घडले ते लक्षणीय आहे. 'ज्याचे भोग त्याला' या न्यायाने पुरावा देण्याचा भार भोगणाऱ्यावर होता. त्याच्या मागल्या जन्मानेच त्याच्याविरुद्ध साक्ष दिलेली असे. येथे तो भार प्रथमच ताबेदाराच्या दाराशी आला.

घराघरांतील जुन्या पेट्यांत सेतवाराच्या नकला, पावत्या, कौलनामे अजून आहेत. 1954–55 ची खासरा पहाणी सरकारी दप्तरात आहे. कोणत्या शेताच्या रकान्यात आधी कोणते नाव होते, ते कोणत्या साली खोडले गेले आणि त्यापुढे अंगठा आहे की सही, हे त्या कागदांवर वाचता येते. आपल्यापैकी पुष्कळांना ते वाचताही येते.